टर्कीची साद आणि सुना माळ

निवृत्त झाल्यापासून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कॉलेजात माझी चक्कर होते. प्राध्यापकांच्या खोलीतला चहा आणि जुन्या सहकाऱ्यांची थट्टामस्करी यांची सवय काही सुटत नाही. अशाच एका दुपारी मी अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकारीची हकिकत सांगत होतो. मंडळी रंगून ऐकत होती. पण मराठी विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने हातातला कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, ऐन वसंतात मादीचा खोटा आवाज काढून नराला जवळ बोलवायचे आणि तो आला की गोळी घालायची. हे पाहायला तुम्ही गेलात, आणि आता आम्हांला कौतुकाने सांगताय?"

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. म्हणून हा लेखनप्रपंच. शिकारीची वकिली करण्याचा माझा हेतू नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. परंतु त्या शिकारीने मला माझ्याच गावच्या माळाविषयी जे शिकवले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०२३ च्या मार्चअखेर मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता अमेरिकेस गेलो. मुलगी मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात राहते. बाळंतिणीच्या घरात इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाचा उपयोग कितीसा असणार! "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा बघू," असे दिवसातून चार वेळा ऐकून घेतल्यावर मी अंगणात बसू लागलो. तेथेच शेजारच्या गृहस्थांची ओळख झाली. वय पंचाहत्तरीच्या पुढे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. ते मला 'प्रोफेसर' म्हणत. आमच्या गावच्या थोरल्या अण्णांसारखीच त्यांची चण, म्हणून घरी आम्ही त्यांचा उल्लेख 'अण्णा' असाच करू लागलो.

एका संध्याकाळी अण्णा पायरीवर बसून लाकडाच्या एका लांबट डबीशी खेळत होते. डबीचे झाकण एका टोकाला खिळ्याने अडकवलेले. ते कडेवर अलगद घासले की डबीतून कोंबडीसारखा, पण अधिक घोगरा आवाज निघे. हे टर्कीच्या मादीचे बोलणे. अशा डबीचे पेटंट अमेरिकेत १८९७ साली घेतले गेले आणि आजही शिकारी तीच वापरतात. दुसरे साधन पाहून तर मला हसूच आले. ती चक्क आपली पाटी-पेन्सिल! पाटीच्या गोल तुकड्यावर लाकडी काडी टेकवून बारीक वर्तुळे काढायची. बिगारीत असताना ज्या किरकिरीबद्दल आम्ही गुरुजींच्या छड्या खाल्ल्या, तिच्यावर येथे रानपक्षी भुलतात. तिसरे साधन म्हणजे टाळूला चिकटवायची रबराची पातळ चकती. ती तोंडात असली की दोन्ही हात बंदुकीसाठी मोकळे राहतात.

ही रानटर्की म्हणजे नाताळच्या ताटातली गलेलठ्ठ पांढरी टर्की नव्हे. रानातला नर आठ-दहा किलोंचा, तांब्या-पितळेसारखा चमकणारा आणि चांगला उडणारा असतो. त्याच्या छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी राठ दाढी लोंबते. डोके उघडे असते आणि मनातल्या खळबळीनुसार त्यावर तांबडा, पांढरा, निळा असे रंग चढतात-उतरतात. टर्की मूळची अमेरिकेची. पण आपल्याशी तिचा संबंध जुना आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी आणले, त्यांत एक टर्की होती. बादशहाने आठवणींत तिच्या डोक्याचे बदलते रंग नोंदवले आणि मन्सूर या चित्रकाराकडून तिचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. याच बादशहाने आपण स्वतः मारलेल्या प्राण्यांचा आकडाही लिहून ठेवला आहे, तो सतरा हजारांवर जातो. पक्ष्याच्या मानेवरची सुरकुतीन् सुरकुती टिपायला लावणारी नजर आणि बंदुकीचा नेम धरणारी नजर एकाच माणसाची असू शकते, ही गोष्ट इतिहास शिकवताना मला नेहमी कोड्यात टाकी.

अण्णांनी विचारले, "येता का, प्रोफेसर?" मी म्हटले, येतो, पण मी बंदूक धरणार नाही आणि आवाजही काढणार नाही. ते म्हणाले, "गप्प बसाल ना? तेवढे पुरे."

ते तेवढे किती अवघड असते, हे पहिल्याच दिवशी कळले. आम्ही रात्री साडेतीनला निघालो. ओझार्कच्या डोंगरात अण्णांच्या भावाचे ओकच्या झाडांचे रान आहे. आपल्या खांद्यांहून रुंद बुंधा पाहून त्याला पाठ टेकवून बसायचे. हेतू हा, की मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या चुकीपासून पाठ सुरक्षित राहावी. अंगात पानांच्या नक्षीचे कपडे, तोंडावर जाळी. तांबडा, पांढरा किंवा निळा रुमालसुद्धा खिशात चालत नाही, कारण हेच रंग नराच्या डोक्याचे, आणि उतावळ्या शिकाऱ्याला तेवढे पुरते. टर्कीला वास फारसा येत नाही. पण नजर आणि कान विलक्षण तीक्ष्ण. पापणी हलली तरी ती पसार होते. त्या दिवशी एकही पक्षी बोलला नाही. मला मात्र आठ गोचिड्या चिकटल्या. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी मला बाळाच्या खोलीत पाऊल टाकू दिले नाही.

दुसऱ्या पहाटे अंधार विरळ होण्याआधी अण्णांनी तोंडाशी हात धरून घुबडाचा आवाज काढला. त्याबरोबर समोरच्या उतारावर, झाडावरच्या रातथाऱ्यातून, एक दणदणीत गडगडाट उठला. नर टर्कीला अचानक मोठा आवाज ऐकू आला की त्याच्या तोंडून उत्तर निघूनच जाते. त्यावरून शिकाऱ्याला त्याचे झाड कळते. मग अण्णांनी पाटीवर काडी फिरवली: एक अर्धवट झोपेतली कुजबुज, बस्स. गडगडाट पुन्हा झाला. उजाडता उजाडता तो खाली उतरला आणि आमच्या दिशेने निघाला. साठ-सत्तर पावलांवर, ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबला. पिसारा फुलवून, पंखांची टोके जमिनीला घासत तो येरझारा घालू लागला, ओढा ओलांडीना.

याचे कारण अण्णांनी नंतर सांगितले. सृष्टीचा नियम असा, की नर एका जागी उभा राहून साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हा नियम उलटा करू पाहतो. तो मादीचा आवाज काढून म्हणतो, "तूच ये." नराला यातली विसंगती जाणवते आणि तो अडून बसतो. आमचा नर तसा अडून बसलेला असताना बाजूच्या झुडपातून एक खरीखुरी मादी आली आणि त्याला घेऊन निघून गेली. अण्णा आवाज न करता हसले. "खऱ्यापुढे खोट्याचे काही चालत नाही," एवढेच म्हणाले. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

तिसऱ्या खेपेला मात्र तो आला. अण्णांनी दोनदाच साद घातली आणि नंतर वीस मिनिटे ते अगदी गप्प राहिले. ही गप्प राहण्याची विद्याच सर्वांत कठीण. न बोलणाऱ्या मादीच्या शोधात नर पुढे येतो. पानांवर पावले वाजली. पंधरा-वीस पावलांवर डोके दिसले, क्षणात पांढरे, क्षणात लाल. छर्‍यांच्या बंदुकीचा पल्ला चाळीस पावलांच्या आत; नेम धरायचा तो डोक्या-मानेवर, म्हणजे पक्षी जखमी होऊन तडफडत राहत नाही. बार झाला. पंखांची फडफड झाली आणि थांबली. अण्णा जवळ गेले, गुडघ्यावर बसले, आणि पक्ष्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला आनंद झाला नाही. पण खोटे कशाला सांगू? तो पावलापावलाने पुढे येत असताना माझे काळीज धडधडत होते आणि तो यावा असे मलाही वाटत होते. आमच्या प्राध्यापिकाबाईंच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हेच आहे. होय, ही फसवणूक आहे. प्रेमाची साद घालून प्राण घेणे आहे. माझ्याने ते होणार नाही. पण त्या क्षणी मी अगदीच निर्दोष होतो असेही मला म्हणता येत नाही.

अण्णांनी लगेच परवान्यावर नोंद केली. रात्री दहाच्या आत राज्याच्या वन्यजीव खात्याला पक्षी कळवायचा असतो. पूर्ण हंगामात एका माणसाला दोनच पक्षी, तेही दाढीवाले. मादी सहसा वाचते ती या अटीमुळे. हंगाम तीन आठवड्यांचा. नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी उबवण्यात किंवा पिले वाढवण्यात त्याचा काही भाग नसतो. म्हणून बहुतेक माद्या अंड्यांवर बसण्याच्या सुमारास हंगाम ठेवला तर पुढच्या पिढीला धोका कमी, असा हा हिशेब. हा हिशेबही कोणी देववाक्य मानीत नाही. अलीकडे काही राज्यांत टर्की घटू लागल्याचे मोजणीत दिसले, तेव्हा तेथे हंगाम उशिरा सुरू करण्यात आला आणि माणशी पक्षीही कमी करण्यात आले.

अण्णांनी पक्ष्याची एक तंगडी आम्हांला दिली. सौभाग्यवतींनी काळ्या मसाल्यात रस्सा केला. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तेव्हा कुठे मांस शिजले. त्या रात्री अण्णा आमच्याकडेच जेवले. रश्शाने डोळ्यांत आलेले पाणी पुसत ते म्हणाले, "प्रोफेसर, माझ्या वडिलांनी आमच्या त्या डोंगरात उभ्या जन्मात टर्कीचा आवाज ऐकला नाही. मी ऐकला. माझी नातवंडे ऐकतात."

हे वाक्य माझ्या मनातून आजही जात नाही. त्यामागचा इतिहास मी नंतर वाचला. एकोणिसाव्या शतकात जंगलतोडीने आणि बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने टर्कीचा जवळजवळ निःपात झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सबंध देशात ती फार तर दोन लाख उरली असावी. आज ती साठ लाखांच्या घरात आहे. हे आपोआप घडले नाही. प्रथम पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले. ते टिकले नाहीत. पाळीव रक्ताच्या पक्ष्यांत रानटीपणाच उरत नाही, हे स्टार्कर लिओपोल्ड या शास्त्रज्ञाने मिसूरीतल्याच टर्कींचा अभ्यास करून १९४४ साली दाखवले. मग रानातले पक्षी जाळ्यांत पकडून दुसऱ्या रानांत नेऊन सोडण्यात आले. मिसूरीत शिकार कित्येक वर्षे बंद होती. १९६० साली ती पुन्हा उघडली ती अवघ्या तीन दिवसांसाठी.

या साऱ्याला पैसा लागतो. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवले गेले. मिसूरीचे लोक त्याही पुढे गेले. १९७६ साली त्यांनी मतदान करून स्वतःवर विक्रीकर लादून घेतला: शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट, केवळ वन्यजीव आणि वनांसाठी. म्हणजे तेथे टर्कीची किंमत केवळ शिकारी मोजत नाही. पावाचे पाकीट घेणारी म्हातारीसुद्धा मोजते.

आता माझ्या गावाकडे येतो. अण्णांचे वाक्य मला झोंबले, कारण माझ्या बाबतीत ते नेमके उलटे आहे.

माझे बालपण उत्तर सोलापुरातल्या, नान्नजच्या बाजूच्या माळावर गेले. १९६५-७० चा तो काळ. माळढोक आम्ही शाळेत जाता-येता पाहिलेला आहे. पावसाच्या तोंडी नर मानेची पिशवी फुगवून घुमे. तो घुमारा लांबवर जाई; जुनी माणसे त्या आवाजावरूनच पक्ष्याला 'हूम' म्हणत. चैत्रात पहाटे पारधी येत. पिंजऱ्यातला पाळलेला तितर माळावर ठेवीत आणि भोवती फासे मांडीत. पाळीव नराने साद घातली की रानातला नर त्वेषाने भांडायला येई आणि फाशात अडके. अण्णांच्या डबीची युक्ती आणि ही युक्ती सख्ख्या बहिणी. तेथे प्रेमाची साद, येथे भांडणाची, एवढाच फरक. कोणते पाखरू कोठे निजते, कोणत्या गवतात अंडी घालते, हे त्या पारध्यांना जितके ठाऊक होते तितके कोणत्याच पुस्तकात नव्हते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकार थांबली. योग्यच झाले. १९७९ साली माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य झाले. तेही योग्यच. आणि आज? देशात माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. आमच्या माळावर एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. माझ्या वडिलांनी घुमारा ऐकला, मी ऐकला. माझ्या मुलीने ऐकला नाही.

हा पक्षी आमच्या डोळ्यांदेखत कोणी संपवला? बंदुकीने खासच नव्हे. उजनीचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षबागा आल्या, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. दुष्काळात होरपळलेल्या माणसाने पाणी नाकारावे असे कोण म्हणेल? पण एक दोष मला नावानिशी देता येतो, आणि तो माझा स्वतःचा आहे.

१९८६ साली मी याच कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. हिवाळी शिबिरात आमच्या साठ मुला-मुलींनी 'उजाड' माळावर चार दिवसांत सहाशे खड्डे खणले. पावसाळ्यात त्यांत सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपे लावली. त्या वर्षीच्या याच वार्षिकांकात आमचे छायाचित्र आहे. खाली मथळा आहे 'ओसाड माळावर नंदनवन'. मी मधोमध हातात कुदळ घेऊन उभा आहे. माळढोकाला उघडे गवत लागते, चारही दिशांना दूरवर दिसावे लागते. झाडोऱ्यात तो राहत नाही, हे मला माहीत नव्हते. माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमिनीवर झाड लावणे म्हणजे पुण्य, एवढेच मला माहीत होते. त्या माळावर रोज वावरणाऱ्या पारध्याला विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली त्यांतली ही एक. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, आमच्या मनावरून नाही.

अण्णांनी एका वसंतात एक टर्की मारली आणि तिची नोंद केली. मी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. पण माझ्या कुदळीची नोंद कोणत्याही खात्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, मग येथेही शिकार सुरू करा! नाही. मुळीच नाही. टर्की एका वेळी दहा-बारा अंडी घालते, माळढोकाची मादी बहुधा एकच. जेथे गणती हाताच्या बोटांवर आली आहे, तेथे हंगामाची भाषा करणे हा निर्दयपणा होईल. आपली दाट वस्ती आणि आपल्याकडची अंमलबजावणीची परिस्थितीही मी जाणतो. माझे म्हणणे वेगळे आहे. बंदी ही सुरुवात असते. आपण तिलाच शेवट समजलो. मिसूरीतही बंदी होती, पण तिच्या मागोमाग मोजणी आली, पैसा आला आणि रानाची सवय असलेली माणसे कामाला लागली. आपण 'मारू नका' असा फलक लावला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवणे ही अहिंसा नव्हे.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांना तीन गोष्टी सुचवतो. पुढच्या शिबिरात माळावर एकही खड्डा खणू नका. गवत जसे आहे तसे राहू द्या, आणि शक्य झाल्यास आम्ही लावलेली गिरिपुष्पे वनखात्याच्या परवानगीने काढण्यास हातभार लावा. दुसरे, दर चैत्रात चार पहाटा माळावर जाऊन नुसते बसा आणि किती तितर बोलले ते वहीत लिहा. वर्षामागून वर्षे लिहिलेली अशी वही कोणत्याही भाषणापेक्षा मोलाची ठरेल. तिसरे, त्या वेळी बरोबर एखाद्या पारधी कुटुंबातल्या जाणत्या माणसाला न्या. त्याला गुरुजी म्हणा आणि त्याचे मानधन कॉलेजने द्यावे असा आग्रह धरा.

गेल्या चैत्रात मी एकटाच गेलो होतो. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे एका बोरीच्या झाडाला पाठ टेकवून दीड तास गप्प बसलो. सात तितर बोलले. माळढोक बोलला नाही. सात हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवला आहे. वही ग्रंथालयात जमा केली आहे. दुसरे पान कोरे आहे.